बायकोची पिशवी काढावी लागली, मग या सर्जननं इतर बायकांच्या पिशव्या वाचवायचं मनावर घेतलं

स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रिया शिकणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला एक नाव विचारा. बॉनी. ऑपरेशनच्या ट्रेमध्ये बॉनीचा क्लॅम्प असतो. खोकला आला की लघवी सुटते का हे बघायची एक तपासणी असते, ती बॉनी टेस्ट. ऑपरेशनआधी कातडीला लावायचं एक गडद निळं औषध होतं, ते बॉनीज ब्लू. आणि कपाटात जाडजूड पुस्तक असतं, तेही बॉनीचंच.

डॉक्टरांना हे नाव पाठ असतं. ज्यांच्यासाठी या माणसानं हे सगळं केलं, त्या बायकांना मात्र ते माहीत असायचं काही कारण नाही.

पाळीत दर महिन्याला इतकं अंगावरून जातंय की जिना चढताना धाप लागते, ही तक्रार घेऊन बाई डॉक्टरकडे जाते आणि पिशवी काढून टाकू, असा सल्ला घेऊन परत येते. महाराष्ट्रातल्या घराघरांत ही गोष्ट घडलेली आहे. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची जाऊ. या सल्ल्याला शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका सर्जननं आव्हान दिलं होतं. त्याच्या स्वतःच्या घरात हा प्रसंग येऊन गेला होता.

विल्यम फ्रान्सिस व्हिक्टर बॉनी यांचा जन्म १७ डिसेंबर १८७२ चा, लंडनच्या चेल्सी भागातला. वडील तिथलेच डॉक्टर. पोरानं वडिलांच्या वाटेनं जायचं ठरवलं आणि मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये शिकून सर्जन झाला. पुढं मिडलसेक्स आणि चेल्सी हॉस्पिटल फॉर विमेन ही दोन रुग्णालयं हेच त्याचं कामाचं आयुष्य.

१९०५ साली लग्न झालं. बायकोचं नाव ॲनी ॲपलयार्ड, टास्मानियातल्या एका डॉक्टरची मुलगी. लग्नानंतर लवकरच ॲनी यांना पाळीच्या अतिरक्तस्रावानं गाठलं. रक्त इतकं जायचं की तीव्र ॲनिमिया झाला. त्या काळात अशा बाईला वाचवायचा खात्रीचा मार्ग एकच समजला जायचा, गर्भपिशवी काढणं. ॲनी यांची पिशवी काढली गेली. जीव वाचला, पण मूल होण्याची शक्यता कायमची संपली.

बॉनी दांपत्याला मूलबाळ झालं नाही. पिशवी वाचवण्याच्या बॉनींच्या ध्यासाचं मूळ पुढं त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी याच प्रसंगात शोधलं आहे.

आधी हे अतिरक्तस्राव प्रकरण काय, ते बघू

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं. ८० मिलिलीटरच्या वर गेलं की जास्त, असं वैद्यकशास्त्राचं जुनं माप आहे. ८० मिलिलीटर म्हणजे जेमतेम पाच मोठे चमचे. ऐकायला काहीच नाही. पण दर महिन्याला एवढं रक्त गेलं की शरीरातलं लोह भरून निघायच्या आधीच पुढची पाळी येते. वर्षभरात साठा रिकामा होतो. मग चेहरा पांढरा पडतो, छाती धडधडते, केस गळतात, माती-खडू खावासा वाटतो, आणि घरचे म्हणतात, हिला सारखं झोपायलाच हवं असतं.

अर्थात घरी कुणी मापट्यानं रक्त मोजत नाही. म्हणून आता डॉक्टर वेगळे प्रश्न विचारतात. तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागतो का? रात्री उठून बदलावा लागतो का? गाठी पडतात का? सात दिवसांच्या वर चालतं का? पाळीच्या दिवसांत प्रवास, लग्नकार्य, नोकरी टाळावी लागते का? रोजचं जगणं अडत असेल तर ते जास्तच, मिलिलीटर कितीही भरोत.

कारणं बरीच आहेत, पण बॉनींच्या टेबलावर सगळ्यात जास्त आलं ते एक कारण: फायब्रॉइड. गर्भपिशवीच्या स्नायूतच वाढणारी गाठ. ती कॅन्सर नसते. वाटाण्याएवढी असू शकते, नारळाएवढीही होऊ शकते. एक असते किंवा डझनभर असतात. पिशवीच्या आतल्या अस्तराला ढकलत असेल तर छोटीशी गाठही धो धो रक्त घालवते, आणि बाहेरच्या अंगाला मोठी गाठ असूनही काही बायकांना पत्ता नसतो. ही गाठ बाईच्या इस्ट्रोजेनवर पोसते. त्यामुळं तिचा त्रास तिशी-चाळिशीत सगळ्यात जास्त होतो आणि पाळी गेल्यावर ती आपोआप आक्रसते.

चाळिशीनंतर त्यात आणखी एक भर पडते. पाळी कायमची थांबायच्या आधीची काही वर्षं मोठी बेभरवशाची असतात. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते, म्हणजे ही गडबड चाळिशीच्या सुरुवातीलाच चालू होऊ शकते. कधी बीज तयार होतं, कधी होतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र पिशवीचं अस्तर जाड करत राहतं, त्याला थांबवणारं कुणी नसतं. दीड-दोन महिने पाळी येत नाही आणि मग आली की जाड झालेलं ते अस्तर कोसळतं. पंधरा-पंधरा दिवस रक्त थांबत नाही. त्यात फायब्रॉइड असेल तर विचारूच नका.

या वयात असं व्हायचंच, पाळी जायला आली की त्रास होतोच, हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. पाळी अनियमित होणं स्वाभाविक आहे, पण रक्त कमी होऊन चक्कर येऊन पडणं स्वाभाविक नाही.

बॉनींच्या काळात काय उपाय होते?

फार चांगले नव्हते. अर्गटची औषधं होती. पिशवीचं अस्तर खरवडून काढायचं, ज्याला आजही बायका क्युरेटिंग म्हणतात, ते होतं. त्यानं महिना-दोन महिने बरं वाटायचं. विसावं शतक सुरू झालं तशी एक्स-रे आणि रेडियमची नवलाई आली. चाळिशी-पंचेचाळिशीच्या बाईचं रक्त थांबत नाही ना, मग पिशवीत रेडियम ठेवा किंवा पोटावर एक्स-रेचा मारा करा, बीजकोश निकामी होतील आणि पाळी कायमची बंद. रक्त खरोखर थांबायचं. पण अशा बायकांचा पुढं कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर त्यांच्यात ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, प्रमाण वाढलेलं सापडलं. तोवर हा उपचार असंख्य जणींवर होऊन गेला होता.

राहता राहिलं ऑपरेशन. गाठ आहे ना, मग नुसती गाठ काढा, पिशवी ठेवा, हा विचार कुणालाही सुचेल. सुचलाही होता. अमेरिकेत १८४० च्या दशकातच अशी ऑपरेशनं झाली होती. पण बायका दगावायच्या. गर्भपिशवीला भरपूर रक्तपुरवठा असतो. तिला चीर दिली की रक्ताचा पाट वाहतो. गाठ काढल्यावर आत पोकळी उरते, तिथं रक्त साचतं आणि सडतं. अँटिबायोटिक अजून जन्माला यायची होती. दात्याकडून रक्त घेऊन पेशंटला चढवणं ही तेव्हा हाताशी असलेली गोष्ट नव्हती. आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतीत हा जुगार कोण खेळणार?

त्यापेक्षा पिशवीच काढली तर रक्तवाहिन्या बाजूनं बांधता येतात, रक्त कमी जातं, ऑपरेशन लवकर उरकतं. हिशोब सोपा होता. पिशवी काढणारे सर्जन निर्दयी नव्हते. त्यांच्या हातात जी साधनं होती, त्यांत तेच सुरक्षित होतं. बॉनींनाही हे मान्य होतं. आधी पेशंट जगली पाहिजे यावर त्यांचा वादच नव्हता. त्यांना खटकायची ती पुढची पायरी. नुसती गाठ काढणं धोक्याचं आहे, इथपर्यंत ठीक. मग ते सुरक्षित कसं करायचं हे शोधायला नको का? वाईट नसलेल्या गाठीसाठी चांगला अवयव काढून टाकणं हा सर्जनचा विजय कसा म्हणायचा?

त्यांनी ते शोधायचं ठरवलं.

बॉनी उत्तम चित्रकार होते, हे इथं सांगायलाच हवं. सहकारी कॉमिन्स बर्कली यांच्याबरोबर त्यांनी १९११ साली स्त्रीरोग शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक काढलं, त्यातली चित्रं स्वतः बॉनींनी काढलेली होती. टाका कुठून घालायचा, बोट कुठं ठेवायचं, चीर किती लांब, सगळं रेखाटून. ज्याला प्रत्येक थर चितारता येतो, त्याला तो थर कसा वाचवायचा हेही दिसत असणार.

त्यांची युक्ती तीन-चार साध्या गोष्टींवर उभी होती.

पहिली, नळच बंद करायचा. गर्भपिशवीला मुख्य रक्त दोन रक्तवाहिन्यांतून मिळतं, त्या खालच्या बाजूला, मुखाजवळ दोन्हीकडून येतात. बॉनींनी एक खास आकाराचा क्लॅम्प बनवला. तो पिशवीच्या खालच्या भागावर बसवला की दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. वरून बीजकोशाकडून येणारं रक्त वेगळ्या चिमट्यांनी रोखायचं. मग सर्जनला रक्ताच्या डबक्यात चाचपडावं लागत नाही, समोर कोरडं, स्वच्छ दिसतं. काम झालं की क्लॅम्प काढायचा, रक्तपुरवठा पुन्हा सुरू. रक्तवाहिनी कापली नाही, नुसती काही वेळ दाबून ठेवली.

दुसरी, चिरा कमी. दहा गाठी असल्या म्हणून दहा चिरा द्यायच्या नाहीत. शक्यतो पुढच्या बाजूला एकच चीर, आणि तिच्यातूनच आतल्या आत बोगदा करत बाकीच्या गाठींपर्यंत पोचायचं. फायब्रॉइडभोवती स्नायूचं एक आवरण असतं. योग्य थर सापडला की शेंग सोलून दाणा काढावा तशी गाठ सुटून येते.

तिसरी, पोकळी ठेवायची नाही. गाठ निघाल्यावर उरलेली जागा टाक्यांच्या रांगांनी पूर्ण मिटवायची, म्हणजे रक्त साचायला वावच नाही.

चौथी सगळ्यात देखणी. पिशवीच्या मागच्या अंगाला मोठी गाठ असेल तर चीर मागं द्यावी लागते आणि तिथल्या टाक्यांना आतडी चिकटतात. बॉनींनी काय केलं, तर गाठीवरचं सैल झालेलं आवरण टोपीसारखं पिशवीच्या डोक्यावरून पुढं ओढलं आणि समोर खाली शिवलं. टाके पुढं आले, मागची बाजू गुळगुळीत राहिली. यालाच आज बॉनीज हूड म्हणतात.

यात कुठलं चमत्कारिक यंत्र नाही, नवं औषध नाही. शिवणकाम चांगलं येणाऱ्या माणसानं डोकं शांत ठेवून विचार केला, एवढंच.

निकाल काय लागला? बॉनींनी आयुष्यात अशी आठशेहून जास्त ऑपरेशनं केली आणि त्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास राहिलं. बहुतेक काळ अँटिबायोटिक नसतानाचे हे आकडे आहेत. एका पेशंटच्या पिशवीतून त्यांनी २२५ गाठी काढल्या आणि पिशवी तशीच ठेवली. ज्यांना मूल हवं होतं अशा बायका नंतर गरोदर राहिल्याही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मिडलसेक्सचेच बॅक्टेरियातज्ज्ञ कार्ल ब्राउनिंग यांच्याबरोबर त्यांनी ते निळं औषध तयार केलं. जांभळा आणि हिरवा असे दोन रंग मिसळून बनलेलं, जंतू मारणारं. १९१८ साली त्यावरचा लेख आला. ऑपरेशनआधी कातडी निर्जंतुक करायला ते वापरलं जाऊ लागलं. रंगानं सगळं माखायचं म्हणून परिचारिका वैतागत असतील, पण पेशंटच्या पोटात जंतू जाण्याची एक वाट अडली.

हा माणूस काढायच्या विरोधात होता का?

अजिबात नाही. हीच बॉनींची सगळ्यात महत्त्वाची बाजू आहे, आणि पिशवी वाचवण्याबद्दल बोलणारे ती नेमकी विसरतात.

गर्भपिशवीच्या मुखाच्या कॅन्सरसाठी व्हिएन्नाच्या वर्थहाइम या सर्जननं एक भलं मोठं ऑपरेशन प्रचारात आणलं होतं. पिशवी, आजूबाजूचे ऊतक, लसिकाग्रंथी, सगळं काढायचं. इंग्लंडमध्ये हे ऑपरेशन करणाऱ्या आघाडीच्या सर्जनांपैकी बॉनी एक. त्यांनी अशा ५०० बायकांवर ते केलं आणि निकाल जगासमोर मांडले. ऑपरेशन अवघड होतं, त्यात बायका दगावायच्याही. पण कॅन्सर झालेल्या बाईला ते वाचवू शकत होतं.

म्हणजे कॅन्सर असेल तर हाच हात काहीही मागं न ठेवता सगळं काढायचा, आणि साधी गाठ असेल तर तासन्‌तास टाके घालत बसायचा. कारण काय आहे हे आधी ठरवायचं आणि मग त्याच्या मापानं कापायचं. जिथं आजार जीवघेणा नाही, तिथं अवयव आणि त्याचं काम टिकवून बरं करणं हे काढून टाकण्यापेक्षा वरच्या दर्जाचं काम आहे, असं ते आयुष्यभर मांडत राहिले. १९४६ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी या गाठींच्या ऑपरेशनमधल्या बारीकसारीक खुब्यांचं वेगळं पुस्तकच लिहिलं.

स्वभावानं ते मवाळ नव्हते. १९२९ साली इंग्लंडमध्ये प्रसूती आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांनी वेगळं कॉलेज काढलं, तेव्हा बॉनींनी त्याला कडाडून विरोध केला. स्त्रीरोगाचा डॉक्टर हा आधी सर्जन आहे, त्यानं सर्जनांच्या रॉयल कॉलेजातच राहावं, हे त्यांचं म्हणणं. कॉलेज झालंच आणि आज ते जगभर मानलं जातं, त्यामुळं हा वाद ते हरले असंच म्हणावं लागेल. मोठी माणसंही सगळीकडं बरोबर नसतात.

आणि इकडं बीडमध्ये

बॉनींचं तंत्र जगभरच्या पुस्तकांत गेलं. औषधंही आली. १९६० च्या दशकात जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड शोधलं. बाळंतपणात रक्तस्रावानं मरणाऱ्या बायका वाचाव्यात हा उताको यांचा हेतू होता. आज त्याच्या गोळ्या पाळीच्या चार-पाच दिवसांत घेऊन रक्तस्राव बराच कमी करता येतो. फिनलंडमध्ये १९९० साली हार्मोन सोडणारी कॉपर टीसारखी वस्तू बाजारात आली. ती पिशवीत बसवली की अस्तर पातळ राहतं आणि कित्येक जणींची पाळी नाममात्र उरते. पाळी जायला आलेल्या वयात तर ती फार उपयोगी पडते, कारण काही वर्षं निभावून न्यायची असतात आणि पुढं निसर्ग स्वतःच ते काम करतो. १९९० च्याच दशकात फ्रान्समध्ये गाठींचा रक्तपुरवठा आतून बंद करून त्या सुकवायची पद्धत आली.

इतकं सगळं असताना २०१९ साली महाराष्ट्रातून बातमी आली ती बीडची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याची. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य खात्यानं ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात ना संडास, ना पाणी, ना पाळीचं कापड धुवायला जागा. अशा बाईला अंगावरून जास्त जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं की तिच्यासमोर दोन वाटा. दर महिन्याला चार दिवस बुडवून दंड भरायचा, नाहीतर कर्ज काढून एकदाच पिशवी काढायची आणि कटकट मिटवायची. त्यात कुणी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. काही वेळा साधा संसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा.

लंडनच्या त्या सर्जनांपाशी निदान रक्त नव्हतं, अँटिबायोटिक नव्हती. इथं सगळं असून बाईपर्यंत पोचलं नाही.

हे फक्त बीडपुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या ज्या बायकांची पिशवी काढलेली होती, त्यांनी सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण पाळीचा अतिरक्तस्राव आणि दुखणं हेच होतं, आणि यांतली बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली होती. पिशवी काढली की पाळी जाते, पण गोष्ट तिथं थांबत नाही. बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. बीजकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता असते. मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईची हाडं चाळिशीत ठिसूळ झाली तर तिनं खायचं काय?

बीडच्या प्रकरणानंतर जिल्ह्यात असा नियम झाला की खासगी रुग्णालयानं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. २०२२ साली केंद्र सरकारनं अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

पिशवी कधी काढावीच लागते? लागते. कॅन्सर असेल, अस्तरात कॅन्सरकडं झुकणारे बदल असतील, गाठी फार मोठ्या असतील आणि बाकी उपाय करून झाले असतील, किंवा सगळं समजून घेऊन बाईनं स्वतःच ठरवलं असेल तर. असं ऑपरेशन करून सुखानं जगणाऱ्या बायका भरपूर आहेत, त्यांनी हे वाचून मनाला लावून घ्यायचं कारण नाही. पण त्याआधी काही गोष्टी झालेल्या असायला हव्यात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी, सोनोग्राफी, आणि वय ४५ च्या वर असेल तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं. औषधं किंवा ती हार्मोनची वस्तू वापरून बघितली का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा, आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढणार का, हा तर सहीआधीच विचारायला हवा. उलट एक बाब मात्र कधीच अंगावर काढू नये: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक थेंबही, तर लगेच तपासून घ्यायचं.

बॉनींचा शेवटचा काळ हेरफर्डशायरमध्ये वाय नदीकाठी गेला. ४ जुलै १९५३ रोजी, ऐंशीव्या वर्षी, ते गेले. ॲनी त्यांच्या मागं राहिल्या. १९११ च्या त्या पुस्तकाच्या आवृत्त्या पुढच्या पिढ्यांचे सर्जन नव्यानं लिहीत राहिले आणि बारावी आवृत्ती २०१८ साली निघाली. मुखपृष्ठावर नाव अजून बॉनींचंच आहे. क्लॅम्प आता रोज वापरला जातो असं नाही. बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी रबराची नळी पिशवीभोवती आवळतात किंवा रक्तवाहिन्या आकसवणारं इंजेक्शन देतात, आणि गाठी दुर्बिणीतूनही काढतात. नळ आधी बंद करायचा, मग गाठ सोडवायची, मग पोकळी मिटवायची, हा क्रम मात्र तोच आहे.